4,698 रुपयांचे नकली कुशन बूट: टाचदुखीवाल्यांनो, सावध!

14,999 चा रनिंग बूट 4,499 ला, वर ‘हाताळणी शुल्क’ 199. एकूण माझे 4,698 रुपये यूपीआयने गेले. हसा खुशाल. पण प्लांटर फॅशिआयटिस, म्हणजे टाचेपासून जाणाऱ्या तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं, झालेल्याला विचारा, सकाळी पहिलं पाऊल टेकताच टाचेत खिळा घुसतो तेव्हा जाडजूड मिडसोलच्या (बुटाच्या तळातल्या मऊ थराच्या) फोटोपुढे अक्कल किती टिकते. आणि वेबसाइट हुबेहूब होती. लोगो, फोटो, रिव्ह्यू, सगळं मूळ ब्रँडचं उचललेलं.

पकडायची जागा एकच होती. पिन टाकण्याआधी पैसे घेणाऱ्याचं नाव दिसतं. तिथे ब्रँड नव्हता, कुठल्याशा माणसाचं नाव होतं. वाचलंही. ‘डीलर असेल’! ते दोन शब्द अजून डोक्यातून जात नाहीत.

आलेला बूट बघा. मिडसोल अंगठ्याने दाबला तरी ढिम्म. टाचेकडची ‘जेल’ म्हणजे वरून डकवलेलं पारदर्शक प्लास्टिक. चांगला बूट बोटांपाशी वाकतो. ह्याची बरोबर मध्यात घडी होते, म्हणजे ताण नेमका तळव्याच्या दुखऱ्या पट्ट्यावर. इनसोल (आतली गादी) चिकटवलेला, तेव्हा ऑर्थोटिक, म्हणजे पायाला आधार देणारी खास गादी, घालायचीही सोय नाही. जिभेवरच्या लेबलवर यूके 8 आणि यूएसही 8! पुरुषांच्या मापात यूएसचा आकडा अर्ध्याने किंवा एकाने जास्त असतो. मॉडेल कोडही खोक्यावर एक, लेबलवर दुसरा.

परत घ्यायला म्हणे आधी ‘पिकअप’चे 350 भरा. अजिबात भरू नका.

बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाणं म्हणतं, पार्सल मिळालं ना, मग फसवणूक कसली? ग्राहक आयोगात जा. तिथे 5 लाखांपर्यंत फी नाही, छान. पण विरुद्ध पक्षाचा पत्ता आणा! 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर असायलाच हवं. नसेल तर शोधायचं कुणी? फसलेल्याने! चोराचं घर दाखवा, मग बघू.

पैसे गेल्या गेल्या 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, ते पुढे सरकण्याआधी अडवता येतात. वस्तूची तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. कार्डाने भरले असतील तर बँकेकडे लेखी चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. खरं तर बूट दुकानातच घ्या, संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, रोजचे मोजे घालून. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहू द्या. स्वस्तच हवा तर अधिकृत दुकानात मागच्या वर्षीचं मॉडेल मागा. ताज्या मॉडेलवर 70 टक्के सूट कुणीही देत नाही.