कॅलिपरला रंग: स्प्रेचा डबा की ब्रश?

कॅलिपर म्हणजे चाकामागचा, ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग; तो रंगवायचाय. चाक काढता येतं, जॅक स्टँड आहे, रंगही मनात ठरलाय, असं धरून चालतो. प्रश्न एवढाच उरतो की ४०० मिलीचा हीटप्रूफ स्प्रे आणायचा, की हार्डनर मिसळून ब्रशने लावायचा दोन भागांचा इपॉक्सी रंग. मी दोन्ही केलंय. आधी माझ्या गाडीला लाल स्प्रे मारला, वर्षभराने मेहुण्याच्या गाडीला ब्रशने रंग दिला. दोन्ही साध्या हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. काम कोथरूडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच, कॅलिपर जागेवर ठेवून.

दुकानात उभं राहिलं की पहिली गल्लत होते ती तापमानाची. स्प्रेच्या डब्यावर ६०० डिग्री लिहिलेलं असतं, इपॉक्सीवरचा आकडा बराच कमी असतो, आणि हात आपसूक स्प्रेकडे जातो. माझाही तसाच गेला होता. पण जरा विचार करा. कॅलिपरच्या पोटात ब्रेक ऑइल असतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू कमीत कमी २३० डिग्री, आणि पाणी शोषून जुनं झालं की तोच १५५ पर्यंत खाली धरतात. कॅलिपर रोज त्याच्या वर तापत असता तर रंगाच्या आधी ब्रेकच गेले असते. भट्टी होते ती डिस्क आणि पॅडची. सिंहगडावरून उतरल्यावर पॅडचा वास येतो, चाकाजवळ हात धरवत नाही, पण तेवढ्याने माझ्या स्प्रेलाही काही झालं नाही आणि मेहुण्याच्या इपॉक्सीलाही नाही. उलट असे बरेच हीटप्रूफ स्प्रे सिलिकॉनवर बनलेले असतात आणि भाजल्याशिवाय पुरते कडक होत नाहीत. सायलेन्सर त्यांना आपोआप भाजून काढतो. शहरात फिरणाऱ्या गाडीचा कॅलिपर तेवढा तापतच नाही. त्यामुळे ६०० च्या आकड्यावर निर्णय घेऊ नका, एवढं मात्र आग्रहाने सांगेन.

किमतीत स्प्रे सरळ जिंकतो. इपॉक्सीचं किट त्याच्या कैक पट महाग पडतं आणि रंगही मोजकेच मिळतात. फिनिशिंगही स्प्रेचं जास्त एकसारखं येतं, सांध्याकोपऱ्यात नीट पोचतं. इथपर्यंत मला स्प्रेबद्दल तक्रार नाही.

माझं मन फिरलं ते मास्किंगमुळे. डिस्क झाकायची, पॅड झाकायचे, ब्लीड निपलला (ब्रेक ऑइल बाहेर काढायच्या तोंडाला) टोपी घालायची, होज म्हणजे ऑइलची रबरी नळी गुंडाळायची, एबीएसची वायर, हबचं तोंड, शॉकअॅब्सॉर्बर, आणि वर मडगार्डची सगळी कमान वर्तमानपत्राने मढवायची. हे सगळं कंटाळवाणं असलं तरी जमतं. जमत नाही ते रबर बूट, म्हणजे धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून घातलेली रबरी आवरणं. पॅड ढकलणाऱ्या पिस्टनभोवतीचा बूट आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांवरचे दोन छोटे बूट चुण्याचुण्यांचे असतात. त्यांच्यावर मास्किंग टेप बसतच नाही. एक कड दाबली की दुसरी उचलते. सुरीच्या टोकाने टेप आत सारायला जावं तर बूटच कापला जाण्याची भीती, आणि बूट फाटला की आत पाणी-माती जाऊन पिन जाम होणार. एका चाकाचं मास्किंग करायला मला दोन तास लागले. रंग मारायला दहा मिनिटं पुरली.

बरं, एवढं करून सुटका नाही. रंग वाळल्यावर टेप ओढली, तर टेपबरोबर रंगाची सालच निघाली. टेप आणि लोखंड यांच्यावर रंगाचा एकच सलग पापुद्रा झाला होता, तो टेपच्या कडेला न तुटता आतपर्यंत फाटत गेला. ब्लीड निपलच्या बुडाशी नखाएवढी जागा उघडी पडली. दुसऱ्या बाजूला मी टेप रंग ओलसर असतानाच काढली. तिथे साल निघाली नाही, पण टेपचं टोक रंगावर घासलं आणि फरांटा उठला. त्यातच दुपारी वारं सुटलं. शेजारच्या पांढऱ्या गाडीच्या दारावर हात फिरवला तर बारीक खरखर लागली. काका भले माणूस, काही बोलले नाहीत, पण ते दार क्ले बारने (रंगावरची खर काढायच्या मऊ वडीने) घासून स्वच्छ करेपर्यंत मला चैन पडलं नाही.

सरावलेल्या हाताला हे कदाचित निम्म्या वेळात जमेल, आणि कॅलिपर सोडवून तारेने टांगणाऱ्याला त्रास कमी होईल. होजवर लोंबकळू मात्र देऊ नका.

मेहुण्याच्या गाडीला ब्रश घेतला तेव्हा टेप लागली ती फक्त निपलला आणि डिस्कच्या कडेला. बुटाजवळ आलं की अर्ध्या इंचाचा ब्रश उभा धरायचा आणि कडेकडेने फिरवायचा. कुठे चुकून लागलं तर थिनरमध्ये किंचित भिजवलेला कापूस लगेच फिरवायचा. पहिल्या चाकाचा पहिला हात वीस-पंचवीस मिनिटांत झाला. मेहुणा चहा घेऊन खाली आला तो म्हणाला, "दाजी, झालं पण?"

ब्रशच्या रेघा दिसतील ही माझी भीती होती. पण कॅलिपरचं बीड मुळातच खरबरीत असतं आणि इपॉक्सी वाळता वाळता स्वतःच सपाट होतो. दोन हात दिल्यावर रेघ शोधावी लागते. ओघळ मात्र येतात. खालच्या कडेला थेंब जमतो, तो दहा मिनिटांनी परत येऊन ब्रशच्या टोकाने उचलायला हवा. स्वस्त ब्रशचे केस सुटतात आणि रंगात अडकून बसतात, तेव्हा ब्रश बरा घ्या. हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू होतं. काही तासांत डबा घट्ट होतो, म्हणून मिसळण्याआधी सगळी चाकं काढून, घासून तयार ठेवा.

पुढे आणखी एक फरक दिसला. सर्व्हिसिंगला ब्रेक ऑइल बदलताना माझ्या गाडीच्या निपलवरून थेंब ओघळला असावा. गाडी घरी आली तेव्हा त्या जागी स्प्रेला सुरकुत्या पडल्या होत्या, बोटाने दाबलं तर रंग सायीसारखा सरकला. मेहुण्याच्या गाडीचं ऑइल मी स्वतः बदललं. तिथेही थेंब पडला, पुसला, आणि खाली रंग जसाच्या तसा. दोनच गाड्यांचा अनुभव आहे, याला चाचणी म्हणता येणार नाही.

पावडर कोटिंगचं काही जण सुचवतात. ते भट्टीत होतं, त्यासाठी आतली रबरं काढावी लागतात आणि ब्रेकची लाइन उघडावी लागते. घरी करायच्या कामात मी ते धरत नाही.

पूर्वतयारी दोन्हीकडे सारखीच, आणि रंग टिकतो तो तिच्यावरच. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग ब्रेक क्लीनर, पांढरं फडकं काळं होईना तोवर. ती काळी धूळ फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. पॅड जिथे सरकतात ती खाच, पिना आणि चाक जिथे हबला टेकतं तो भाग कोरा ठेवा. तिथे रंगाचा थर राहिला तर चाकाचे नट पुढे सैल पडू शकतात. पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट साय धरते. दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारीत काढा, आणि वाळायला पुरता एक दिवस द्या.

कॅलिपर आधीच सुटे असतील, खास एखादी छटाच हवी असेल किंवा खर्च कमीच ठेवायचा असेल, तर स्प्रे घ्यायला हरकत नाही. पार्किंगमध्ये, गाडीवरच, एका रविवारात करायचं असेल, तर मी ब्रश सुचवेन. गेल्या नोव्हेंबरात माझ्या गाडीचा स्प्रे खरवडून मीही गडद राखाडी इपॉक्सी लावला. मिसळलेला रंग उरला होता, तो ठेवून चालणार नव्हता, म्हणून संध्याकाळ व्हायच्या आत मागचे दोन्ही ड्रमही त्यातच रंगवून घेतले.