कॅसँड्रा की कॉक्रोचडीबी: शेवटचा नग कुणाला विकायचा?

डेटा एका सर्व्हरवर मावेना झाला की डेटा अनेक सर्व्हरवर वाटून ठेवणाऱ्या डेटाबेसची दोन नावं हमखास पुढे येतात: अपाचे कॅसँड्रा आणि कॉक्रोचडीबी. वेगाचे तक्ते बघून निवड करू नका. एकाच नोंदीला दोघांनी एकाच वेळी हात घातला तर काय व्हायला हवं, हे आधी ठरवा.

समजा, एका पैठणीचा शेवटचा नग उरलाय आणि दोन गिऱ्हाइकांनी एकाच क्षणी बटण दाबलं. कॅसँड्रात दोन्ही विनंत्या 'स्टॉक 1' वाचतात, दोन्ही 'स्टॉक 0' लिहितात आणि दोघींना ऑर्डर पक्की झाल्याचा मेसेज जातो. एरर कुठेच येत नाही. दोन नोंदी भिडल्या की ज्या नोंदीचा टाइमस्टॅम्प, म्हणजे लिहिल्याच्या वेळेचा शिक्का, पुढचा, ती टिकते. त्यामुळे एखाद्या मशीनचं घड्याळ 200 मिलिसेकंद पुढे असेल, तर त्याने टाकलेली जुनी किंमत लगेच मागून आलेल्या दुरुस्तीला गिळून टाकते. कोरम, म्हणजे नोंदीच्या वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या प्रतींपैकी बहुसंख्य प्रतींचा होकार, लावला की हे सुटतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. तीनपैकी दोन प्रतींवर लिहून दोनांवरून वाचलं तर ताजी नोंद मिळते, एवढंच. वाचणं आणि लिहिणं यांच्यामधल्या फटीत दुसरा घुसतोच. त्यावर लाइटवेट ट्रान्झॅक्शन आहेत: ती अट तपासूनच लिहितात आणि पॅक्सॉस या सर्व्हरचं एकमत घडवणाऱ्या पद्धतीवर चालतात, पण त्यात नोड्समधल्या (म्हणजे सर्व्हरमधल्या) फेऱ्या वाढतात. ती जागोजागी लागत असतील तर माझ्या मते डेटाबेसच चुकलाय.

कॉक्रोचडीबीत यांतली एकच ऑर्डर पक्की होते. दुसरीला रिट्राय एरर मिळते आणि ती पुन्हा वाचते तेव्हा स्टॉक शून्य दिसतो. हा पुन्हा प्रयत्न करणारा कोड मात्र तुम्हाला लिहावा लागतो, आणि एकाच नोंदीवर झुंबड उडाली की वेग पडतो. डेटाच्या प्रत्येक तुकड्याच्या प्रतींचा स्वतःचा राफ्ट गट असतो; राफ्ट हीही एकमत घडवणारी पद्धत. बहुमताने होकार दिल्याशिवाय लिखाण पक्कं होत नाही. घड्याळाबाबतही तो कडक आहे: मूळ सेटिंगमध्ये नोड्सच्या घड्याळांतल्या फरकाची मर्यादा 500 मिलिसेकंद, आणि तिच्या 80 टक्क्यांपलीकडे गेलेला नोड स्वतःच बंद होतो. पैशाच्या, स्टॉकच्या, आरक्षणाच्या नोंदींसाठी मी दुसरा विचार करणार नाही.

कॅसँड्राची ताकद वेगळी. फेसबुकच्या इनबॉक्समध्ये शोध घेण्यासाठी ती जन्मली, 2008 मध्ये खुली झाली. तिच्यात कुणी मुख्य नोड नाही, सगळे सारखे. मीटरची रीडिंग, गाड्यांची लोकेशन, चॅटचे मेसेज अशा एकदा लिहून पुन्हा न बदलणाऱ्या नोंदींचा मारा ती सहज झेलते. जॉइन (दोन टेबलं जोडून वाचणं) नाही, कुठला प्रश्न विचारणार ते ठरवून मग टेबल आखायचं. खोडलेल्या नोंदींच्या खुणा मूळ सेटिंगमध्ये 10 दिवस राहतात. एखादा नोड त्याहून जास्त काळ बंद राहून, रिपेअर (प्रती एकमेकींशी जुळवून घेणं) न करता परत आला, तर खोडलेला डेटा पुन्हा उगवतो.

दोन शहरांत डेटा ठेवायचा असेल तर नीट बघा. मुंबई ते हैदराबाद हवाई अंतर सुमारे 600 किलोमीटर; फायबरमधून जाऊन-येऊन किमान 6 मिलिसेकंद, प्रत्यक्षात जास्तच. तेवढं चालतं. कॉक्रोचडीबीत खरी अडचण बहुमताची: तीनपैकी दोन प्रती मुंबईत असतील आणि मुंबईच बंद पडली, तर हैदराबादची एकटी प्रत काहीच पक्कं करू शकत नाही. म्हणजे तिसरी जागा हवी. पेमेंटचा डेटा भारतातच ठेवण्याचा रिझर्व्ह बँकेचा 2018 चा आदेश तुम्हाला लागू असेल, तर ती जागाही भारतातच हवी. एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचे इथे दोनच रीजन (डेटा सेंटरचे समूह) आहेत, मुंबई आणि हैदराबाद. कॅसँड्रात 'लोकल कोरम', म्हणजे फक्त त्याच शहरातल्या प्रतींचं बहुमत, वापरून दोन शहरांत काम भागतं, मात्र एक शहर अचानक गेलं तर शेवटच्या काही नोंदी पलीकडे पोचलेल्या नसतील.

लायसन्सही तपासा. कॅसँड्रा अपाचे लायसन्सखाली मोफत आहे. कॉक्रोचडीबीने 2024 मध्ये मोफत कोअर आवृत्ती बंद केली. आता वार्षिक उलाढाल 1 कोटी डॉलरच्या आत असलेल्या कंपन्यांनाच ती फुकट मिळते.