खात्याच्या सोयीची सेवा की माणसाच्या गरजेची?

घरात कुणी गेलं की दुःखाच्या जोडीला कागद येतात. सेवा खात्याच्या सोयीने आखलेली असेल, तर पेन्शन, कर, पासपोर्ट, वाहन परवाना, प्रत्येक खिडकीवर तेच प्रमाणपत्र आणि तोच 'मृताशी नाते' हा रकाना. खात्यांचं काम चोख. हेलपाटे मात्र माणसाच्या वाट्याला. ब्रिटनमधली 'टेल अस वन्स' ही सेवा उलट टोकापासून सुरू होते: मृत्यूची नोंद झाली की एकदाच कळवायचं, बहुतेक सरकारी विभागांपर्यंत ते तिथूनच पोचतं.

जुन्या पद्धतीलाही एक बाजू आहे. जबाबदारी कुणाची ते स्पष्ट असतं, आणि एका खात्याची माहिती दुसऱ्याकडे सहजासहजी जात नाही. हे क्षुल्लक नाही. एस्टोनियाने २००१ पासून एक्स-रोड या माहितीच्या देवाणघेवाणीच्या यंत्रणेने विभागांच्या नोंदी जोडल्या, पण सगळा डेटा एका कोठारात ओतला नाही. तो ज्याचा त्याच्याकडे राहतो, लागेल तेवढाच मागवला जातो.

गरजेनुसार आखणी सुरुवातीला वेळखाऊ असते. लोकांसमोर फॉर्म ठेवून ते कुठे अडखळतात हे बघत बसावं लागतं. 'लाभार्थी प्रवर्ग' पाशी पेन थांबला, तर चूक फॉर्मची. जुन्या पद्धतीत हाच खर्च चुकलेल्या अर्जांत आणि फोनवरच्या उत्तरांत विरघळतो, म्हणून दिसत नाही इतकंच.

माझा कौल गरजेनुसार आखणीला. अट एकच: ऑनलाइन सोय झाली म्हणून खिडकी बंद करायची नाही. स्क्रीन न जमणारी माणसं तिथेच उभी असतात.