लीडरशिप सर्च कन्सल्टन्सीचा अनुभव: माणूस चांगला शोधला, पण आम्हालाच अंधारात ठेवून

पुण्यातल्या ज्या कन्सल्टन्सीकडून आमच्या संस्थेने नवीन डायरेक्टर शोधून घेतला तिचं नाव इथे लिहीत नाही, पण चळवळीतल्या संस्था आता अशा एजन्सींकडे जायला लागल्यात म्हणून अनुभव लिहितेय. पाचपैकी तीन स्टार. माणूस शोधायला पाच, आणि शोध कसा चाललाय ते सांगायला जेमतेम एक.

आमचं काम नागरी हक्कांचं. नोटीस न देता झोपडी पाडली, ॲट्रॉसिटीचा एफआयआर घेत नाहीत, भटक्या-विमुक्तांच्या पोरांना जातीचा दाखला मिळत नाही, असल्या तक्रारी घेऊन लोक येतात आणि आम्ही रोज कुणाला ना कुणाला माहिती अधिकाराचा अर्ज भरून देतो. आमच्या आधीच्या डायरेक्टर ताईंनी वयामुळे जबाबदारी सोडायचं ठरवलं तेव्हा ट्रस्टींनी ही एजन्सी नेमली, फी पहिल्या वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांश, तीन हप्त्यांत. रिटेन्ड सर्चमध्ये, म्हणजे एजन्सीला आधीच नेमून टप्प्याटप्प्याने फी देतात त्या पद्धतीत, साधारण असंच असतं, पण छोट्या संस्थेला ते जड जातं, त्यात परदेशी निधी घेणाऱ्यांना एफसीआरए म्हणजे परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आतच ठेवावा लागतो (आधी ५० होते), आणि प्रोफेशनल फी त्यातच मोजली जाते, हे आधीच बघून घ्या.

चांगलं ते आधी सांगते. यांनी पुणे-मुंबईच्या ओळखीपाळखीवर काम भागवलं नाही, मराठवाड्यात, विदर्भात फोन लावले, इंग्रजी बायोडेटा नीट लिहिता येत नाही पण पंचवीस वर्षं कोर्ट-कचेऱ्या केल्यात अशा माणसांशी मराठीतून तासतासभर बोलले. रेफरन्स घेताना नुसतं आधीच्या बॉसला नाही तर हाताखालच्या लोकांनाही विचारलं. हे आमच्याच्याने झालं नसतं.

पण काहीही विचारलं की उत्तर एकच, कॉन्फिडेन्शियल. निकष काय? कॉन्फिडेन्शियल. सर्च कमिटीत कोण आहे? कॉन्फिडेन्शियल. जाहिरातीत पगाराच्या जागी ‘अनुभवानुसार’. कमिटीत तीन ट्रस्टींबरोबर आमच्या एका फंडरचा माणूस बसतोय हे आम्हाला चहाच्या वेळी कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं, आणि त्या दिवशी फिल्डवरच्या पोरींचे चेहरे बघण्यासारखे नव्हते. फंडर कमिटीत असू नये असं माझं म्हणणं नाही, पण असला तर सांगा ना.

उमेदवाराचं नाव झाकणं वेगळं आणि प्रक्रिया झाकणं वेगळं. जो माणूस सध्या दुसरीकडे नोकरी करतोय त्याचं नाव फुटलं तर त्याची तिथली जागा जाऊ शकते, ते शेवटच्या फेरीपर्यंत झाकलंच पाहिजे. पण निकष, कमिटी, टाइमटेबल, पगाराची रेंज, एजन्सीची फी, यातलं काय सांगितल्याने कुणाचं नुकसान होतं? सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१९ मध्ये अंजली भारद्वाज यांच्या याचिकेवर माहिती आयुक्तांच्या नेमणुकीबद्दल सरकारला सांगितलं की सर्च कमिटीतल्यांची नावं आणि शॉर्टलिस्टचे निकष जाहीर करा. ते सरकारसाठी होतं, मान्य, पण जी गोष्ट आपण सरकारकडे अर्ज करून मागतो ती आपल्याच ऑफिसात मागायची म्हटल्यावर लाज वाटते.

बाहेरही हे झालंय. अमेरिकेत एनएएसीपी ही १९०९ पासूनची नागरी हक्कांची संघटना, तिथे २००८ मध्ये अध्यक्ष निवडताना बोर्डापुढे शेवटी एकच नाव आलं, बेन जेलस यांचं, त्यावरून काही सदस्य नाराज झाले आणि मतदान ३४ विरुद्ध २१ झालं. माणूस चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता, बाकीची नावं का नाही दाखवली हा होता.

आम्ही ऑफिसातल्या सगळ्यांच्या सह्यांचं पत्र ट्रस्टींना दिलं. त्यानंतर मात्र एजन्सीने ऐकलं, कमिटीची नावं, निकष आणि पगाराची रेंज नोटीस बोर्डावर लागली, आणि शेवटच्या दोघांची परवानगी घेऊन नवी पेठेतल्या एका हॉलमध्ये त्यांची वस्तीतल्या लोकांशी भेट ठेवली. तिथे जनता वसाहतीतल्या एका मावशींनी सरळ विचारलं, ‘रात्री अकराला पोरगा चौकीत नेला तर फोन तुम्ही उचलणार का ऑफिसचं मशीन?’ एकाने लीगल सेलचा नंबर, हेल्पलाइनची व्यवस्था वगैरे समजावून सांगितलं. दुसऱ्या बाईंनी आधी विचारलं, कुठली चौकी, पोरगा अठराच्या खालचा आहे का, आणि मग अल्पवयीन असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही हे मावशींना तिथेच सांगितलं. निवड त्यांचीच झाली. हा प्रसंग बंद खोलीतल्या इंटरव्ह्यूत कधीच घडला नसता.

एक गोष्ट अजूनही खटकते. आमच्यातल्याच एका जुन्या सहकाऱ्याने अर्ज केला होता, त्याला दोन ओळींचा मेल आला, तोही इंग्रजीत. शॉर्टलिस्टमध्ये का नाही, कुठे कमी पडला, काही नाही. त्याच्यासारख्याशी अर्धा तास बसून बोलायला हवं होतं, आणि फी घेतलीय म्हटल्यावर ते एजन्सीचंच काम आहे.

तुम्ही कुणी अशी एजन्सी नेमणार असाल तर करारातच लिहून घ्या, काय जाहीर होणार आणि काय नाही, कधी होणार, आतल्या उमेदवाराला कारण कोण सांगणार, आणि निवडलेला माणूस सहा महिन्यांत सोडून गेला तर पुन्हा शोध फुकट करणार का. आमच्या करारात शेवटचं कलम होतं, पहिली तीन नव्हती. नंतर आम्ही नव्याने एक मसुदा केलाय, कुणाला हवा असेल तर पाठवते.