भावनांची कार्डं आणि चार रंगांचा तक्ता: चौथीच्या वर्गात वापरून बघितल्यावर

जूनमध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून वर्गासाठी हा भावनांचा संच घेतला, साडेसहाशे रुपये, स्वतःच्या पर्समधून, कारण शाळेकडे मागायचं म्हणजे अर्ज करा, कोटेशन आणा, कोण करतंय. ब्रँडचं नाव देत नाही, असेच संच तिथे वेगवेगळ्या डब्यांत मिळतात आणि आतलं सामान साधारण तेच असतं. चेहऱ्यांची कार्डं, चार रंगांचा तक्ता, चिमटे, स्टिकर आणि एक पुस्तिका. माझा वर्ग मराठी माध्यमाचा, पन्नासच्या आसपास पोरं.

तक्ता एक नंबर आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा रूलर म्हणून शाळांसाठी भावना ओळखायला शिकवायचा कार्यक्रम आहे, त्यात जो मूड मीटर वापरतात त्याच धर्तीवरचा, अंगात जोर किती आणि बरं वाटतंय की नाही एवढंच बघायचं. जोर आहे पण बरं वाटत नाहीये तर लाल, म्हणजे राग, भीती वगैरे, गळून गेल्यासारखं आणि वाईट वाटतंय तर निळा, उड्या माराव्याशा वाटल्या तर पिवळा, निवांत असेल तर हिरवा. पोरांना नुसतं कसं वाटतंय विचारलं की 'छान बाई' याच्यापुढे गाडी जात नाही, रंग विचारला की बोलतात. एका मुलीनं लाल दाखवला, मी म्हटलं कोणावर चिडलीस, तर म्हणे चिडले नाही बाई, आज पाढ्यांना उभं करणार ना, पोटात गोळा आलाय. मग त्या दिवशी पाढे जोडीजोडीनं म्हणून घेतले.

पण चिमट्यांवर नावं लिहून तक्त्याला लावा असं पुस्तिकेत दिलंय ना, ते अजिबात करू नका. एकानं निळ्यावर चिमटा लावला तर मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग त्याच्या मागे, 'का रे, घरी भांडणं झाली का', दुसऱ्या दिवशी हा मुकाट्यानं हिरव्यावर. आणि मॉनिटर लावेल तिथेच मागची चार जण लावणार हे ठरलेलं. आता मी वहीच्या शेवटच्या पानावर छोटा चौकोन रंगवायला सांगते, तपासताना मला दिसतं, शेजाऱ्याला नाही.

कार्डांचं लॅमिनेशन जाड आहे, चित्रंही बरी. चेहरा ओळखा असा खेळ घेतला तर दहा मिनिटांत संपतो, त्यापेक्षा प्रसंग द्या. गॅदरिंगच्या नाचात मैत्रिणीला घेतलं, तुला नाही घेतलं, कुठलं कार्ड उचलशील? एकीनं राग उचलला, एकीनं आनंद, आणि तिसरी म्हणाली बाई मला दोन लागतील. त्यावरून जी चर्चा झाली त्यात अख्खा तास गेला, भूगोल राहिला तो राहिलाच.

स्टिकर मात्र सरळ फेकून द्या. दुसऱ्याला मदत केली की एक स्टार, अशी कल्पना आहे. झालं काय, मैदानात एकाला ठेच लागली तर उचलायला सहा जण धावले आणि उचलून झाल्याबरोबर सहाही हात माझ्यापुढे, बाई स्टार! दिल्लीच्या सरकारी शाळांत 2018 मध्ये नर्सरी ते आठवी हॅपिनेसचा तास सुरू केला तेव्हा त्याला लेखी परीक्षा ठेवली नव्हती, शहाणपणाचं केलं.

डब्यावर नवीन शैक्षणिक धोरणानुसार असं मोठ्ठं छापलंय. 2020 च्या धोरणात सामाजिक-भावनिक शिक्षणाचा उल्लेख आहे हे खरं, पण म्हणून या डब्याला कोणी मान्यता दिलीये असं समजू नका. आणि पुस्तिकेत सगळ्यात महत्त्वाचंच नाही, एखाद्या पोरानं घरातलं काही गंभीर सांगितलं तर बाईंनी करायचं काय. वर्गात सगळ्यांसमोर खोदून विचारायचं नाही, मुख्याध्यापकांना सांगायचं, इतपत दोन ओळी आणि 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर तरी छापायला काय जात होतं.

तर तक्ता आणि कार्डांसाठी घ्यायला हरकत नाही, पाचशेपर्यंत मागा, शाळेचं नाव सांगितलं तर कमी करतात. माझ्या डब्यात दोन कार्डं कमी निघाली आणि दुकानदारानं बदलून दिली नाहीत, त्यामुळे काउंटरवरच उघडून मोजून घ्या.