वॉटरजेटचा पंप निवडताना: इंटेन्सिफायर की डायरेक्ट ड्राइव्ह?

वॉटरजेट, म्हणजे अतिदाबाच्या पाण्याच्या धारेने कापणारे यंत्र, पाहताना नजर आधी टेबलाच्या आकारावर आणि मोटरच्या अश्वशक्तीवर जाते. परंतु पंप कामाला साजेसा नसेल, तर त्याची भरपाई वीजबिलात आणि यंत्र बंद राहिलेल्या तासांत करावी लागते.

इंटेन्सिफायरमध्ये मोटर पाण्यावर थेट दाब देत नाही. ती हायड्रॉलिक तेलाला सुमारे 200 बार दाब देते, ते तेल मोठ्या पिस्टनला ढकलते आणि त्याला जोडलेला बारीक प्लंजर (दांड्यासारखा पिस्टन) पाणी दाबतो. दोघांच्या क्षेत्रफळाचे गुणोत्तर 20 ला 1 असले, की 200 बारचे 4,000 बार होतात. एवढ्या दाबाखाली पाणीसुद्धा दहा टक्क्यांहून अधिक आकसते, त्यामुळे पिस्टन उलटा फिरल्यावर त्या फेरीचा पहिला भाग पाणी आवळण्यातच जातो आणि दाब क्षणभर खाली येतो. ही घट भरून काढण्यासाठी जाड भिंतीचा ॲटेन्युएटर, म्हणजे दाबाखालचे पाणी साठवणारे भांडे, बसवलेला असतो. तो अपुरा असेल, तर कापलेल्या कडेवर ठरावीक अंतराने बारीक रेषा उमटतात. नमुना तुकडा हाती आला की त्याची कड उजेडात तिरपी धरून जरूर पाहावी.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये तेलाचा टप्पाच नसतो. मोटर क्रँकशाफ्ट फिरवते आणि त्यावरचे प्लंजर, बहुधा तीन, पाळीपाळीने पाणी दाबतात. मोटरच्या शक्तीपैकी साधारण 85 ते 90 टक्के शक्ती पाण्यात उतरते, तर इंटेन्सिफायरमध्ये 60 ते 70 टक्केच. उरलेली मुख्यतः तेल तापवण्यात जाते आणि ते थंड ठेवण्याचा खर्च वेगळा. म्हणून दोन पंपांची तुलना मोटरवरून करू नये, नोझलवरून करावी. 4,000 बारला 0.35 मिलिमीटरच्या ओरिफिसमधून (नोझलमधल्या बारीक छिद्रातून) मिनिटाला सव्वातीन लिटरच्या आसपास पाणी जाते, म्हणजे सुमारे 22 किलोवॅट शक्ती. कोणता पंप किती वीज घेऊन ही शक्ती देतो, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

तरीही डायरेक्ट ड्राइव्ह सर्वांना मानवेल असे नाही. नोझल बंद झाले, की इंटेन्सिफायरचा पिस्टन दाब धरून जवळजवळ थांबतो; क्रँक मात्र फिरतच राहतो, त्यामुळे पाणी सोडून द्यावे लागते किंवा मोटरचा वेग आवरावा लागतो. अनेक हेड (नोझल असलेले कापणारे भाग) वेगवेगळ्या वेळी उघडझाप करणार असतील किंवा 6,000 बारच्या आसपासचा दाब हवा असेल, तर इंटेन्सिफायरच घ्यावा. एकाच हेडने दिवसभर धातू कापायचा असेल, तर माझा कौल डायरेक्ट ड्राइव्हला आहे.

सील दोन्हीकडे झिजतात. इंटेन्सिफायरचे फटके संथ असल्याने त्याचे सील सहसा अधिक टिकतात. डायरेक्ट ड्राइव्हचे सील लवकर बदलावे लागतात, आणि ते बदलताना तिन्ही सिलिंडर एकदमच उघडणे सोयीचे पडते. गळती दाखवणाऱ्या छिद्रातून पडणारे थेंब रोज मोजून लिहून ठेवले, तर सील पूर्ण जाण्यापूर्वीच काम थांबवण्याची वेळ आपल्याला ठरवता येते.