हॅस्टेलॉय सी-२७६चा कंडेन्सर: शिमगा ते चवथ

गोव्यात वेर्ण्यातल्या आमच्या बल्क ड्रग प्लांटमध्ये (औषधांचा मूळ कच्चा माल बनतो तिथे) शिमग्याआधी एक कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करून तिचा द्रव करणारा ट्यूबांचा संच, बदलला. आधीचा ३१६एल स्टेनलेस स्टीलचा होता, नवा हॅस्टेलॉय सी-२७६ या निकेलच्या मिश्रधातूचा. सॉल्व्हंटच्या वाफेबरोबर थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल येतं, तेवढ्यानं जुन्या ट्यूबांना भोकं पडायची. भोक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. डाय पेनेट्रंट (भोकात शिरणारा लाल रंग) मारला की पांढऱ्या डेव्हलपरवर लाल टिपका उमटतो आणि बघता बघता पसरतो. मग प्लग ठोकून ती ट्यूब बंद करा, की काही दिवसांत दुसरी ट्यूब गळायला तयार.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) शटडाऊनला नवा ट्यूबांचा बंडल उघडला. ट्यूबशीट (ट्यूबांची टोकं बसवलेली प्लेट) काळपट झाली होती, पण कापडानं पुसल्यावर खाली मशीनिंगच्या रेघा जशाच्या तशा. मुद्दाम गॅस्केटखालची कड पाहिली, कारण साचलेलं क्लोराइड तिथेच धातू कुरतडतं. नखाला खाच लागली नाही. या मिश्रधातूत मॉलिब्डेनम १५ ते १७ टक्के असतं ते उगाच नाही; ३१६एलमध्ये जेमतेम २-३ टक्के.

धातूबद्दल तक्रार नाही. तक्रार फॅब्रिकेशनची. मटेरियल सर्टिफिकेट चोख, पण माल आल्यावर पीएमआय गन (धातूत काय किती आहे ते जागेवर सांगणारं यंत्र) लावली तर एका नोझलच्या वेल्डमध्ये निकेल कमी आणि लोखंड भरपूर! फिलर रॉड चक्क स्टेनलेसची मारली होती. भांडून, ईआरएनआयसीआरएमओ-४ या सी-२७६ला जुळणाऱ्या रॉडनं ते काम पुन्हा करून घेतलं. तेव्हा प्लेटचा कागद बघून सही करू नका, प्रत्येक जोडावर गन लावा. वेल्डजवळ कार्बाइड साठू नयेत म्हणून यात कार्बन ०.०१ टक्क्याच्या आत ठेवतात. ग्रीस न पुसता वेल्ड मारलं की त्यावर पाणी.

बाहेरचे ३०४ स्टेनलेसचे बोल्ट मात्र खाऱ्या वाऱ्यानं आणि पावसानं तांबूस डागाळलेत. ते बघून 'हॅस्टेलॉय गंजलं' म्हणून स्टोअरमधून फोन येतात, तो भाग वेगळा.

किंमत ३१६एलच्या कित्येक पट, त्यामुळे सरसकट लावायचा हा माल नव्हे. थंड हायड्रोक्लोरिकच्या टाकीला एफआरपी (काचतंतूंचं प्लास्टिक) पुरतं, आणि गरम तीव्र नायट्रिकला तर ३०४एलच सरस. आम्ही आता फक्त रिअ‍ॅक्टरचं थर्मोवेल (तापमापक आत बसवायची नळी) सी-२७६मध्ये मागवलंय. पाइपिंग आतून पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) अस्तर असलेलंच राहणार.